लेकरं काट्याकडे पाहतात: खेड्यातल्या नव्या विश्वासी घरासाठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षाकाठी एखाद-दुसरं घर नव्याने येतं. बाप्तिस्म्याआधीचं शिक्षण पाळक (चर्चचे धर्मगुरू) देतात, त्यात मी लुडबुडत नाही. पण चार-सहा महिन्यांनी तेच नवरा-बायको संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसतात. चहा होतो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं आणि मग खरा प्रश्न निघतो: "भाऊ, घरी आता कसं करायचं? पोट्टे लहान आहेत, बुढी देवघर सोडत नाही, अन् गाव तर पाहूनच राह्यलं."

या प्रश्नाचं उत्तर मी तुकड्या-तुकड्यांनी अनेकदा दिलंय. इथे एकदा नीट लिहितो. मी पाळक नाही. यवतमाळ जिल्ह्यातला पाच एकरांचा कोरडवाहू कास्तकार, दोन लेकरांचा बाप. पायऱ्या लिहिल्या त्याच क्रमाने घ्या. बहुतेक जण उलट्या घेतात: आधी गावाला सांगायला निघतात आणि घरचं तसंच राहून जातं.

आपल्या भागात लोक माणूस कसा पारखतात हे गाडगेबाबांनी दाखवून ठेवलंय. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घेई, कीर्तन रात्री. दिवसभर गटार उपसणारा रात्री चार गोष्टी सांगायला उभा राहिला की लोक ऐकायचे. बायबलात मत्तय ५:१६ मध्ये प्रभू येशूही हेच म्हणतो, की लोकांनी तुमची चांगली कामं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. पाहावीत, असं आहे. भाषण ऐकावं असं तिथे नाही.

पहिली पायरी: सुरुवातीला घरात काही मोडू नका

नव्या विश्वासाला जोर असतो. देवांचे फोटो उतरवावेत, सासूला समजावून सांगावं, पोराचं नाव बदलून टाकावं, असं सगळं एकाच आठवड्यात करावंसं वाटतं. थांबा. देवघर आईचं असेल तर ते आईचं आहे. तुम्ही तिथे हात जोडत नाही एवढं तिला दिसतंच, त्यावर शब्दांची फोडणी नको. आणि तिच्या देवाबद्दल लेकरांसमोर वेडंवाकडं तर मुळीच बोलू नका. "ते सैतानाचं आहे" असं चार वर्षांच्या पोराला सांगितलं की ते पोर उठून थेट आजीला जाऊन सांगतं. एका घरात हे झालेलं मी पाहिलंय. ती म्हातारी दोन दिवस जेवली नव्हती, आणि तिची समजूत काढायला पाळकांना नाही, शेजारच्या बौद्ध बाईला जावं लागलं.

नवरा किंवा बायको अजून विश्वासात नसेल तर आणखी धीर धरा. कवी नारायण वामन टिळक, जे काही वर्षं आपल्या नागपुरात राहिले होते, त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं दोघांनाही सोपी गेली नाहीत, आणि टिळक काही शांत गृहस्थ नव्हते. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की न बोलता, नुसत्या वागणुकीने जोडीदार जिंकला जातो. ते स्त्रियांना उद्देशून आहे, पण पुरुषांनी वाचलं तरी काही बिघडत नाही.

नाव, लुगडं, भाषा यातलंही काही बदलायची गरज नाही. टिळकांनी ख्रिस्ताचं वर्णन अभंगात केलं आणि ख्रिस्ती कीर्तनं केली. आपण आपल्या घरात टाळ वाजवून गायलो तर प्रभूला काही परकं वाटणार नाही.

दुसरी पायरी: संध्याकाळची पंधरा मिनिटं

कौटुंबिक प्रार्थनेची वेळ घड्याळाने ठरवू नका, कामाने ठरवा. आमच्याकडे दूध काढून झालं की, आणि जेवणाआधी. सात वाजता असं ठरवलं तर सोयाबीनच्या काढणीत ती वेळ तिसऱ्याच दिवशी मोडते.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. चारांत ते सगळ्यांत लहान, सोळाच अध्याय. रोज अर्धा वाचला की महिन्याभरात पुरं होतं. वाचायचं काम लेकरांना द्या, अडखळत का होईना. माझ्या बायकोला वाचता येत नव्हतं. पोरगी तिसरीत गेली तशी ती मायला वाचून दाखवायला लागली आणि घरातला मान एकदम उलटापालटा झाला. मग एक साधं गीत, मग प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. म्हशीला बरं वाटू दे, गणिताचा पेपर सोपा येऊ दे, असं जे असेल ते. मोठ्यांनी लांबण लावू नये. वीज गेली तर गेली, गाण्याला दिवा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: प्रार्थनेत पोरांना रागावणं. "हे प्रभू, आमच्या या लेकराला आईबापांचं ऐकायची बुद्धी दे, काल त्याने जे केलं ते तू पाहिलंस..." हे मी स्वतः वर्षभर केलंय. डोळे मिटलेले असतात म्हणून आपल्याला वाटतं देवाशी बोलतोय. पोराला पक्कं कळतं की बाप देवाच्या आडून बोलतोय. जे सांगायचं ते डोळे उघडे ठेवून सांगा.

तिसरी पायरी: घरातल्या घरात माफी मागायला शिका

ही पायरी लहान दिसते, पण सगळ्यांत जड हीच. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात लेकरांना आज्ञा आहे आणि लगेच चौथ्या वचनात बापांना आहे: मुलांना चिडीला आणू नका. पहिलं वचन आपण पोरांकडून पाठ करून घेतो, चौथं कुणी आपल्याकडून करून घेत नाही.

हात उचलला, दारूतून सुटलो म्हणून मंडळीत साक्ष दिली आणि आठ दिवसांत पुन्हा पिऊन आलो, बायकोला चारचौघांत बोललो, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच माणसाला, घरातल्या सगळ्यांसमोर सांगा: "मी चुकलो. तुला मारायला नको होतं." वाक्य तिथेच संपवा. "पण तूही..." असं जोडलंत की माफी गेली. पहिल्यांदा जीभ उचलत नाही. आमच्या बापजाद्यांनी लेकरांपुढे असं कधी बोललेलं आम्ही ऐकलंच नव्हतं.

खर्र्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारीचंही, इथेच सांगून टाकतो. तो सोडणं एका दिवसात होत नाही हे मला माहीत आहे, मला तीन वर्षं लागली. पण पोराच्या हातात वीस रुपये देऊन पानठेल्यावर पाठवणं आजपासून बंद करता येतं. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ठेलेवाला ती पाळत नाही, निदान बापाने पाळावी.

चौथी पायरी: काटा, धुरा, चुकारा

आता घराबाहेर. खेड्यात तुमची साक्ष चर्चमध्ये ठरत नाही, वावरात ठरते. लेकरंही तिथेच असतात: सुटीच्या दिवशी वेचणीला, बंडीवर, वजनकाट्याजवळ.

माझीच गोष्ट सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली. कापसाचा भाव चार हजारांच्या आसपास होता. पाचेक क्विंटल कापूस आतल्या खोलीत पडला होता आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, सकाळी येणार होता. रात्री मी बादली आणि मग घेऊन आत गेलो. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा, कंदील धरून उभा. मी कापसाचा थर उलथवायचो, मगातलं पाणी हाताने शिंपडायचो, वरून कोरडा कापूस ओढून घ्यायचो. हे गावात सगळेच करत होते.

"बाबा, कापसावर पानी कायले शिपडून राह्यले?"

"लय सुकला ना. मंग उडते तो."

पोराने मान हलवली. दुसऱ्या दिवशी गाडी भरताना तो शेजारच्या पोराला मोठ्या माणसाच्या आवाजात समजावत होता, की कापूस लय सुकला तर उडतो, म्हणून त्याला पाणी पाजावं लागतं. खरेदीवाला हसला. मी मान खाली घालून गाठोडी मोजत राहिलो.

बादलीभर पाणी म्हणजे दहा किलो, म्हणजे त्या भावाने चारशे रुपये. आठ दिवसांनी मी ते घेऊन त्याच्याकडे गेलो, पोराला सोबत नेलं. खरेदीवाला म्हणाला, "भाऊ, सारेच मारते पानी. मी तेवढं धरूनच भाव सांगतो." पैसे त्याने घेतले, आणि माझ्याकडे जरा वेड लागल्यासारखं पाहिलं. परतताना मी पोराला सांगितलं की कापूस उडतो हे मी खोटं बोललो होतो. त्याने बराच वेळ काही विचारलं नाही. मग विचारलं, "मंग आता त्या पोट्ट्याले बी सांगू का?" सांग म्हटलं.

तेव्हा नव्या घराने पहिल्या हंगामातच या चार गोष्टी पक्क्या कराव्यात. वेचणाऱ्या बायांचा काटा वेचणीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर, माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्यायचा. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, असं नीतिसूत्रे ११:१ स्पष्टच सांगतं. दुसरं, चुकारा, म्हणजे मजुरी, बाजाराच्या दिवशी सकाळी द्यायचा, संध्याकाळी नाही. सकाळी दिला तर बाई बाजार करते, संध्याकाळी दिला तर तोवर उधारी झालेली असते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी राहू नये हे लेवीय १९:१३ मध्ये आहे, आणि याकोब तर म्हणतो की अडवलेली मजुरी ओरडते. तिसरं, नांगरताना धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कोरायचा नाही. दरसाल नांगराच्या एका तासाने (एका ओळीने) सरकवलेला धुरा दहा वर्षांत कोर्टात जातो. दोघा भावांच्या अशा भांडणात तिसऱ्या पिढीची पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुमच्याही गावात असेल. आधी तुमच्याकडून कोरला गेला असेल तर शेजाऱ्याला बोलावून दोरी लावा. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायचा, आणि आपल्याकडे त्या भावाचं वावर बहुधा धुऱ्याला लागूनच असतं.

चौथी गोष्ट आनंदाची. सोयाबीन, तुरी निघाल्यावर सरवा, म्हणजे वावरात मागे राहिलेलं धान्य, वेचायला येणाऱ्या बायापोरांना हाकलू नका. शास्त्रातली रूथ अशीच सरवा वेचायला बवाजाच्या शेतात गेली होती. ही गोष्ट लेकरांना घरात वाचून दाखवण्यापेक्षा वावराच्या धुऱ्यावर बसून सांगा. समोर सरवा वेचणारी बाई असली की शास्त्रातली बाई लगेच दिसते.

पाचवी पायरी: सण आला की

खरी ओढाताण इथे होते, आणि प्रत्येक मंडळीचं मत थोडं वेगळं असतं. मी आमचं सांगतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, शिंगांना रंग, जुवाला सुटी. यातलं बैलाची सेवा मी सगळी करतो, आणि मनापासून करतो. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, हे नीतिसूत्रे १२:१० मध्येच आहे. मी तोरणाखाली बैल घेऊन उभा राहतो, पूजेच्या वेळी कासरा धरून बाजूला होतो. पहिल्या वर्षी कुजबुज झाली, चौथ्या वर्षी कुणाच्या लक्षातही आलं नाही. तान्ह्या पोळ्याला धाकटीला लाकडी नंदी घेऊन दारोदार जायचं होतं. आमचे पाळक नको म्हणाले, मी जाऊ दिलं. अजूनही आमचं यावर एकमत नाही.

वेचणीच्या पहिल्या दिवशी मजूर बायांना सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करायची असते. मी मांडत नाही, त्यांना अडवतही नाही, त्या दिवसाचं जेवण माझ्याकडून देतो.

प्रसादाचं लेकरांना आधीच शिकवून ठेवा, नाहीतर ती दारात उभी राहून "आमाले चालत नाही" म्हणून नाक मुरडतात. पहिल्या करिंथकरांस पत्राचा दहावा अध्याय नवरा-बायकोने मिळून वाचा. तिथे पौल म्हणतो की कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते शंका न काढता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं त्याने सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. आम्ही दोन्ही हात जोडतो, "आमच्याकडे चालत नाही काकू, पण पाणी द्या" म्हणतो आणि तिथेच बसून पाणी पितो. ते पाणी विसरू नका. कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही यावर आपली गावं शेकडो वर्षं चालली. प्रसाद नाकारून पाणीही न पिता उठलात तर समोरच्याला तुमचा धर्म कळत नाही, अपमान कळतो.

म्हाताऱ्या आईला देवळात हात धरून न्यावं लागलं तर? दुसऱ्या राजांच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात देवावर नव्याने विश्वास ठेवलेला अरामी सेनापती नामान हाच प्रश्न विचारतो. त्याचा धनी त्याच्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकायचा. अलीशा संदेष्ट्याने त्याला "शांतीने जा" म्हटलं, ओरडला नाही. मी आईला पायरीपर्यंत नेत असे.

१४ एप्रिलला बौद्धपुऱ्यातली मिरवणूक दारावरून जाते तेव्हा आम्ही पाण्याचा पिंप भरून ठेवतो. आणि नाताळात फराळ अख्ख्या आळीत वाटतो. करंज्या चांगल्या झाल्या तर आमंत्रणाची गरज पडत नाही.

सहावी पायरी: दुखण्यात आणि मरणात आधी पोहोचा

मयत झाली की ख्रिस्ती घरातून कुणीतरी लाकडं वाहायला असलाच पाहिजे, आणि तीन दिवस त्या घरी भाकरी-पिठलं गेलं पाहिजे. त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही, फक्त जायचं असतं.

दुखण्याचं मात्र नीट सांगतो. कुणी प्रार्थना करायला बोलावलं तर जरूर करा, पण "दवाखाना सोडा, प्रभू बरं करेल" असं तुमच्या तोंडून कधीही निघू नये. साप चावला तर आधी १०८ ला फोन, हात-पाय हलवू न देणं, आणि प्रार्थना गाडीत. विष प्रतिविषानेच उतरतं, ते सरकारी रुग्णालयात असतं, तुमच्या-माझ्या तळहातात नाही. ज्या मिशनऱ्यांनी आपल्या भागात शुभवर्तमान आणलं त्यांनीच आपल्या जिल्ह्यात उमरीला दवाखाना काढला, अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल उभारलं. त्यांनाही प्रार्थना येत होतीच की.

मदत केली तर तिला दोरी बांधू नका. तांदळाच्या थैलीसोबत "रविवारी या" आलं की तो सौदा झाला. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही असं का वागता, तर सांगा, सौम्यपणे आणि थोडक्यात. नाही विचारलं तर तांदूळ देऊन घरी या.

सातवी पायरी: कागद

हे मंडळीत कुणी मोठ्याने बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना होती, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना त्या आदेशातली ही अट लागू नाही. म्हणजे काही घरांत बाप्तिस्म्याबरोबर पोरांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो. तो बाप्तिस्म्याच्या आधी, नवरा-बायकोने मिळून, जाणत्या वकिलाला विचारून सोडवा. जे ठरवाल ते उघड ठरवा. "शाळेत गुरुजींनी विचारलं तर चर्चला जातो म्हणू नको" असं पोराला शिकवून पाठवायचं आणि रविवारी त्याच्याकडून दहा आज्ञा पाठ करून घ्यायच्या, हे एका दप्तरात मावत नाही.

पोरं मोठी झाल्यावर

एवढं सगळं करूनही पोरं तुमच्यासारखी होतील असा करार कुठेही लिहिलेला नाही. माझी धाकटी मंडळीत संडे स्कूल घेते. थोरला, तोच कंदीलवाला, पुण्यात कंपनीत आहे आणि चर्चला जात नाही. सुरुवातीला मी दर रविवारी फोन करून विचारायचो. तो फोन उचलेनासा झाला तेव्हा मी विचारणं सोडलं. आता जेवला का, एवढंच विचारतो, आणि रात्री त्याचं नाव घेतो.

मागच्या दिवाळीत तो घरी आला होता. वेचणी चालू होती, काटा त्याच्या हाती दिला. गाठोड्याच्या फडक्याचं वजन म्हणून मी प्रत्येक बाईच्या वजनातून अर्धा किलो कापतो, माझे वडीलही तेवढंच कापायचे. त्याने एक रिकामं फडकं घडी करून काट्याला लावलं.

"बाबा, हे तीनशे ग्रॅम भरते."

बाया बघत होत्या. मी वही काढली. गाठोड्यामागे दोनशे ग्रॅम, सहा बाया, तोवर वेचणीचे अकरा दिवस: तेरा किलो दोनशे ग्रॅम. दहा रुपये किलोने एकशे बत्तीस. बाईमागे बावीस रुपये येत होते, ते त्याच बाजाराच्या दिवशी दिले. मागच्या वर्षांचा हिशेब वहीत नव्हता. फडक्याचं वजन आता काट्याच्या बल्लीवर खडूने लिहिलेलं असतं, आणि फडकं बदललं की बाया स्वतःच ते पुन्हा लावून पाहतात.